उत्तरेच्या खोल्या

ओउलू, डिसेंबर. दुपारी तीनलाच
नदीवर अंधार बसतो, आणि मी तळघरात
सहा मजल्यांचा ताप मोजत बसतो.

एक इमारत म्हणतात लोक. मला मात्र
खोलीखोलीत निराळा ऋतू दिसतो:
तळमजल्यावर बेकरी, पहाटे तीनपासून घामाघूम,
दुसऱ्यावर दंतवैद्य, त्याला एकवीसच हवेत, साडेएकवीस नकोत,
पाचव्यावर नाचाचा वर्ग, रिकामा असला की थिजलेला,
भरला की अर्ध्या तासात काचा पाझरतात.
आणि कुलपाआड सर्व्हर,
उणे तिसातही तापलेला, बारा महिने,
कुणावर तरी रागावल्यासारखा.

जुना मालक म्हणायचा, बॉयलर वाढव.
एकाला थंडी वाजली की सगळ्यांना भाजायचं,
मग भाजलेल्यांनी खिडक्या उघडायच्या
आणि आम्ही अख्ख्या शहराला ऊब वाटायची, फुकट.

आता पाइपांत देवघेव चालते.
सर्व्हरला जे नकोसं झालंय
ते उचलायचं, उत्तरेकडे नेऊन ठेवायचं.
बेकरीच्या शीतकपाटानं लोण्यातून काढलेली धग
दंतवैद्याच्या खुर्चीखाली.
नवीन फारसं जाळायचं नाही,
कुणाकडे जास्त झालंय ते आधी विचारायचं.
सांगायला सोपं. जमायला तीन हिवाळे गेले.

मार्चात तर गंमतच. बाहेर उणे पंधरा,
आणि सूर्य आडवा घुसतो दक्षिणेच्या काचांतून.
तिथले वकील बाह्या सारून गार हवा मागतात,
त्याच मजल्यावर, भिंतीपलीकडे,
इर्या पुओलक्का पायांवर घोंगडी घेऊन
लोकांचे हिशेब जुळवते.

तीनशे चार. तिची तक्रार बाराव्यांदा आली
तेव्हा मी वर गेलो. पडद्यावर तेवीस होतं.
"तेवीस आहे," मी म्हणालो. तिनं काही न बोलता
बोटं माझ्या मनगटावर ठेवली.
ज्याचं गोठतं त्याला कळतं.
थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता बिचारा,
झेरॉक्स मशीनच्या डोक्यावर बसून
स्वतःपुरतं खरं बोलत होता.
दोन मीटर सरकवला. तिनं मला
वेलदोड्याचा पाव दिला, खालच्या बेकरीतलाच.

(बैठकीच्या खोलीत एक बटण आहे, कशालाच न जोडलेलं.
लोक फिरवतात, म्हणतात, आता बरं वाटतंय.
ते मी काढलेलं नाही.)

तळघरातून माणसं दिसत नाहीत,
त्यांचे श्वास दिसतात. सेन्सर मोजतो:
सात वाजून दहा मिनिटांनी तीनशे चारची रेघ
चारशेवरून चढू लागते. इर्या आली.
चार वाजता उतरते. इर्या गेली.
नऊ वर्षं ती रेघ मी घड्याळासारखी वापरली.

या सोमवारी रेघ चढली नाही.
मंगळवारी नाही.
नियम असा: खोली रिकामी, तर सोळावर आणा.
नियम मीच लिहिलाय, आणि चांगला आहे,
हिवाळ्याकाठी पंपाचं अर्धं आयुष्य वाचतं.
बुधवारी मी तीनशे चार बावीसवर बांधून ठेवलं
आणि नोंदवहीत लिहिलं: सेन्सर तपासणी.
वेण्ला, माझी शिकाऊ, वाचून काही बोलली नाही.
खाली स्वतःची सही केली.

शुक्रवारी रेघ हलली,
पण सात दहाला नाही. आठ चाळीसला.
लिफ्टची वाट न बघता मी जिना चढलो.
टेबलाशी एक पोरगी, कोट अंगावरच,
खोकी भरत होती. घोंगडी खुर्चीवर, घडी घातलेली.
"किती उकडतंय मावशीच्या खोलीत," ती म्हणाली,
आणि खिडकी उघडली.

बाहेर उणे एकोणतीस.
बंद कर, असं मी म्हणालो नाही.
थोड्या वेळानं पायांखाली, खूप खाली,
पंपानं जोर धरल्याचं ऐकू आलं.